एमडी ॲनेस्थेशिया: फॉर्मपासून फायनलपर्यंत

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत माझ्या एमबीबीएसपुढे 'एमडी ॲनेस्थेशिऑलॉजी', म्हणजे भूलशास्त्र, ही अतिरिक्त अर्हता एकदाची चढली. कॉलेजात पहिलं पाऊल टाकलं ते ऑगस्ट २०१४ मध्ये. मधल्या काळात ज्युनियर्सचे फोन येतच होते आणि प्रश्न साधारण तेच: ब्रँच घेऊ का, झेपेल का, कुठले कागद लागतात, बाँडचं काय. दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी डॉक्टर नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घर आणि शेतीचा हिशोब बघते. त्यामुळे कुठला दाखला कधी काढायचा हे सांगणारं कुणी नव्हतं. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांच्या वडिलांचं नर्सिंग होम आहे त्यांनी मधलं सोडून थेट ओटीपासून (ऑपरेशन थिएटर) वाचायला घ्यावं.

एमबीबीएसबद्दल फार लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मी राज्याच्या सीईटीतून मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात लागले. आता सगळा कारभार नीटचा आहे. एक गोष्ट मात्र नोंदवते. एमबीबीएसमध्ये ॲनेस्थेशियाचं पोस्टिंग मोजून पंधरा दिवसांचं असतं, आणि त्यातले निम्मे दिवस पोरं कँटीनमध्ये असतात. मीही त्यांच्यातलीच. त्या पंधरा दिवसांतलं मला आठवतं ते इतकंच, की ओटीत सगळ्यांत आधी येणारा आणि सगळ्यांत शेवटी जाणारा माणूस सर्जन नव्हता.

२०१९ च्या सुरुवातीला फायनल दिली आणि मार्चपासून इंटर्नशिप सुरू झाली. ५ जानेवारी २०२० ची नीट पीजी, म्हणजे एमडीच्या प्रवेशाची परीक्षा, इंटर्नशिप करता करताच दिली. दिवसा लेबर रूम, रात्री प्रश्नसंच, असा तो अभ्यास. रँकही त्याला साजेशीच आली. इंटर्नशिप संपत आली तोच लॉकडाऊन लागला. मग बाँड.

बाँडचं एकदा नीट समजून घ्या, कारण पहिल्या वर्षी सही करताना कुणी तो वाचत नाही. सरकारी कॉलेजातून शिकल्यावर राज्य सरकारची एक वर्ष सेवा करायची. आमच्या वेळी एमबीबीएसनंतरचा बाँड मोडायचा तर दहा लाख आणि पीजीनंतरचा मोडायचा तर पन्नास लाख भरावे लागत. हा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "मग सेवाच कर." मला एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. ओपीडी, लसीकरण, बाळंतपणं आणि वर कोविडचे स्वॅब. वर्ष संपल्यावर बाँडमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवायला तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून वर असा कागद फिरतो. वर्ष संपायच्या महिनाभर आधीच अर्ज टाकून ठेवा. हजेरीचे दाखले दर महिन्याच्या शेवटी सही करून घेतलेत तर शेवटी कुणाच्या मागे धावावं लागत नाही.

त्याच वर्षात मला काही आठवडे जिल्हा रुग्णालयाच्या कोविड वॉर्डात पाठवलं होतं. तिथे पहिल्यांदा भूलतज्ज्ञ म्हणजे काय चीज असते ते जवळून पाहिलं. पेशंटचं ऑक्सिजन ऐंशीवर, बाहेर नातेवाईकांचा गलका, आत आम्ही सगळे उगाच इकडून तिकडे करतोय, आणि मॅडम शांतपणे विचारतायत, "सक्शन चालू आहे का? आधी लावून दाखव." ते बघून मी ब्रँच ठरवली, असं सांगितलं तर ऐकायला छान वाटेल. पण खरं सांगायचं तर ब्रँच रँक ठरवते.

नीट पीजी २०२१ ची तारीख होती १८ एप्रिल. फॉर्मची फी ५०१५ रुपये. ऑनलाइन ॲपची वर्गणी पंचवीस हजारांच्या आसपास गेली, ती बाँडच्या पगारातून भरली. दुसरी लाट आली आणि तीन दिवस आधी, १५ एप्रिलला, परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. अभ्यास अगदी काठोकाठ भरलेला असताना परीक्षा पुढे गेली की डोक्यातलं सगळं हळूहळू गळायला लागतं. मे आणि जूनमध्ये मी जवळजवळ काहीच वाचू शकले नाही. शेवटी ११ सप्टेंबरला परीक्षा झाली: २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला चार गुण, चुकलं तर एक वजा. निकाल २८ सप्टेंबरला लागला. खुल्या गटाची पात्रता ८०० पैकी ३०२ ला थांबली. माझी रँक पंधरा हजारांच्या घरात होती. म्हणजे मेडिसिन, पीडियाट्रिक्स, रेडिओलॉजी विसरायचं. ॲनेस्थेशिया मिळू शकेल, कदाचित.

आणि मग काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, सुरूच होईना. अखिल भारतीय कोट्यात त्या वर्षी पहिल्यांदा ओबीसींना २७ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण लागू केलं होतं, त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. डिसेंबरमध्ये दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. मी घरी. शेजारच्या काकू विचारायच्या, "पास झालीस ना गं? मग जात का नाहीस?" ७ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने परवानगी दिली आणि १२ जानेवारीपासून नोंदणी सुरू झाली.

या रिकाम्या महिन्यांत मी एक काम उरकून ठेवलं, ते इथे ठळकपणे सांगते. ओबीसी असाल तर राज्याचा नॉन क्रिमी लेयर दाखला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा. राज्य कोट्याला पहिला चालतो, अखिल भारतीय कोट्याला दुसराच लागतो, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे की नाही हेही आधी बघावं लागतं. दोन्ही दाखले प्रांत कार्यालयातून मिळतात, अर्ज सेतूतून किंवा 'आपले सरकार'वरून करायचा. सेतूतल्या मुलाला "सेंट्रलचा पाहिजे" एवढं सांगून भागत नाही. नमुना छापून सोबत न्या आणि दाखला हातात पडल्यावर त्याच्या शेजारी धरून ताडून बघा. माझ्या मैत्रिणीला दाखल्यावर केंद्राच्या नमुन्यातला मजकूर नाही म्हणून परत यावं लागलं होतं. जात वैधता प्रमाणपत्र तर बारावीलाच काढलेलं असतं. नसेल तर आजच्या आज अर्ज करा, कारण समितीची तारीख आपल्या हातात नसते.

काउन्सेलिंग दोन घोड्यांवर बसून करायचं असतं: निम्म्या जागा केंद्राच्या एमसीसीकडे (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी), निम्म्या राज्याच्या सीईटी सेलकडे. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मला दुसऱ्या राज्यातलं पॅथॉलॉजी लागलं. पहिल्या फेरीत जागा सोडली तरी अनामत जात नव्हती, याला सगळे 'फ्री एक्झिट' म्हणतात. दुसऱ्या फेरीपासून नियम कडक होतात. तेव्हा पसंतीक्रम भरताना नको असलेली जागा यादीत टाकूच नका. "लागणार नाही, टाकून ठेवू" म्हणून टाकलेलीच नेमकी लागते. मी पॅथॉलॉजी सोडलं आणि दोन रात्री झोप नाही. राज्याच्या यादीत नाव आलं तेव्हा बाबा शाळेत होते. फोनवर म्हणाले, "कोणता विषय?" म्हटलं, "ॲनेस्थेशिया." "म्हणजे भुलीचा. त्याला तीन वर्षं लागतात?" मी म्हटलं, लागतात. ते का लागतात, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रुजू झाले. रुजू होताना मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं. त्याआधी सगळ्याचं स्कॅनिंग आणि साक्षांकित प्रतींचे चार-पाच संच करून ठेवा. पुढे थीसिस, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती, बाँड, प्रत्येक ठिकाणी तेच कागद पुन्हा मागतात. बाँडपत्र स्टँप पेपरवर, नोटरी करून. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मसुदा तयार असतो, त्याला सगळं पाठ असतं. विद्यावेतन त्या वेळी साठ-पासष्ट हजारांच्या आसपास होतं, पण पहिल्या महिन्यांचं उशिरा आणि एकदम येतं. दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची सोय आधीच करून जा.

आता ओटी.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी इंजेक्शनं भरायला लावतील. पहिले कित्येक दिवस फक्त मशीन तपासायला लावलं. सकाळी सव्वासातला ओटीत पोचायचं. पाइपलाइनचा दाब बघायचा, जोडीचा सिलिंडर उघडून त्यात खरंच ऑक्सिजन आहे का ते बघायचं, सर्किटची गळती तपासायची, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमचा रंग बदललाय का, सक्शन ओढतंय का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय का, आणि जादा ब्लेड जादा बॅटरीसकट बाजूला ठेवलंय का. मग औषधं भरून प्रत्येक सिरिंजला नाव. बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलांत रंगीत लेबलं असतात: भूल लावणाऱ्या औषधांना पिवळं, स्नायू सैल करणाऱ्यांना लाल, ओपिऑइडना (तीव्र वेदनाशामकं) निळं, बीपी वाढवणाऱ्यांना जांभळं. आमच्याकडे चिकटपट्टी आणि बॉलपेन. पण नाव नसलेली सिरिंज दिसली की आमचे सर एक शब्द न बोलता ती उचलून कचऱ्यात टाकत. आत काय आहे तेही विचारत नसत.

त्यानंतर मास्क. सगळ्यांना घशात नळी घालायची घाई असते, कारण तेच मोठं काम वाटतं. प्रत्यक्षात आधी शिकायचं असतं ते मास्क धरून पेशंटला श्वास देणं. नळी नाही गेली तरी मास्कने माणूस जगवता येतो. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर, करंगळी थेट कानाखालच्या कोपऱ्यात. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, जबडा वर मास्कात आणायचा. बोटं हाडावरच हवीत. मऊ भागावर गेली की आपणच श्वासनलिका दाबतो. पाच मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. दाढीवाला किंवा दात नसलेला पेशंट असला की हवा कडेने फुसफुसत निघून जायची आणि मॉनिटरचा आवाज हळूहळू खाली उतरायला लागायचा. पल्स ऑक्सिमीटरचा सूर ऑक्सिजन कमी झालं की उतरतो. तो सूर कानात इतका बसतो की आजही मी पाठमोरी असले तरी ९८ चे ९४ झाले की मान वळते. घरी मायक्रोवेव्ह वाजला तरी वळते, ते जाऊ द्या.

पहिली नळी घातली ती महिन्याभराने. प्रोपोफोलचं दुधासारखं औषध गेलं, पापणीला बोट लावून बघितलं, स्नायू सैल करणारं औषध दिलं, मास्कने श्वास दिला. मग लॅरिंगोस्कोप डाव्या हातात, जीभ बाजूला सारून वर उचल. मागे दातांवर टेकवायचा नाही. आत गुलाबी सगळं सारखंच दिसतं. मागून सर: "काय दिसतंय ते बोल. अंदाज सांगू नकोस." एपिग्लॉटिस, स्वरयंत्रावरची झडप, दिसते म्हटलं. "अजून थोडं वर." आणि एकदम स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. नळी आत गेली, कॅप्नोग्राफवर पेशंटच्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट उमटली. "लाट दिसेपर्यंत नळी बरोबर गेली असं समजायचं नाही," एवढंच सर म्हणाले आणि चहाला गेले.

माझ्या मते या विषयातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत कमी शिकवला जाणारा भाग म्हणजे पीएसी, ऑपरेशनच्या आधीची तपासणी. ओटीतली निम्मी संकटं तिथेच पकडता येतात, आणि ती पकडायची तर आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलता आलं पाहिजे. ऑपरेशनआधी उपाशी राहायचा नियम सोपा आहे: घन आहाराला आणि दुधाला सहा तास, आईच्या दुधाला चार, साध्या पाण्याला दोन. हर्नियाचे एक आजोबा टेबलावर घ्यायच्या आधी मी विचारलं, "बाबा, सकाळपासून काही खाल्लं का?"

"नाय बा. सिस्टरनी सांगितलं व्हतं, काय खायचं नाय."

"चहा?"

"च्या घ्येतला की. त्याच्याबिगर हिंडायला व्हतंय व्हय?"

"नुसता चहा?"

"निस्ता नाय, बटर हुतं दोन. बुडवून घ्येतलं."

बटर म्हणजे खाणं, हे त्यांच्या हिशोबात बसतच नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते. तेव्हापासून मी "खाल्लं का" असं विचारतच नाही. "शेवटचा चहा किती वाजता झाला, त्याच्याबरोबर काय होतं" असं विचारते. तंबाखूचंही तसंच. व्यसन आहे का विचारलं की नाही म्हणतात, "मिश्री लावता का मावशी?" म्हटलं की हसून हो म्हणतात. काढायची कवळी, गळ्यातला ताईत, नखांवरची मेंदी आणि नेलपॉलिश (बोटाला लावलेला प्रोब गडबडतो), घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे सगळं आदल्या दिवशीच विचारून झालेलं बरं. "पाठीत सुई दिली की जन्मभर कंबर दुखते" ही भीती तर प्रत्येक बाईला असते. तिला हसू नका. बाळंतपणानंतर कंबर दुखायची इतरही कारणं असतात, हे दोन मिनिटं बसून सांगितलं की बाई पाठ नीट वाकवून बसते, आणि सुई देणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

सेकंड इयरला रात्रीच्या सिझेरियन हातात येतात. रात्री अडीचला फोन, बाळाचे ठोके कमी, बाई कळा देत असताना तिला बसवायचं, नितंबाच्या हाडांच्या रेषेवरून मणका मोजायचा, २५ नंबरची बारीक सुई. सुईखाली एक थर जातो, मग दुसरा, मग हलकासा टप्प आणि मागून पाण्यासारखा स्वच्छ थेंब. बुपिव्हॅकेन हे बधिरतेचं औषध दोन मिलिलिटरच्या आसपास, लगेच आडवं करून उजव्या कुशीखाली उशी. कमरेखालचं बधिर होत असतानाच बीपी उतरतं. पण मशीनवर आकडा यायच्या आधी बाईच सांगते, "मॅडम, मळमळतंय." हे वाक्य ऐकलं की बीपी वाढवणाऱ्या फेनिलेफ्रिनची सिरिंज हातात आलेलीच असली पाहिजे. ती मळमळ साधी पित्ताची आहे म्हणून सोडून दिलेली केस मी कधी पाहिली नाही आणि पाहू इच्छित नाही. बाळ रडलं की सगळे बाळाकडे वळतात. आपण आईच्या मॉनिटरकडे बघत राहायचं, गर्भाशय आवळतंय का ते विचारायचं, ऑक्सिटोसिन हळू सोडायचं.

ड्यूटीच्या तासांबद्दल एकच सांगते. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तासांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं आहे. तो कागद जरूर वाचा. मग ड्यूटीची यादी वाचा. पहिल्या वर्षी मी घरी फोन करायचे तेव्हा बहुतेक वेळा बोलता बोलता झोपून जायचे. आईने पुढे फोन ठेवायची वाट बघणंच सोडलं, तीच ठेवायची. रडू यायचं, पण ते ओटीच्या चेंजिंग रूममध्ये, आणि तिथे नेहमी आधीच कुणीतरी रडत असायचं. ते एका अर्थी बरं होतं.

थीसिसचं भूत मात्र लोक उगाच मोठं करतात. त्यात अक्कल कमी, कागद जास्त. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पहिल्या सहा महिन्यांत, मग नैतिकता समितीची मंजुरी, आणि औषधाची चाचणी असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. ही नोंदणी मागून करता येत नाही आणि तिथून शंका विचारणारे मेल येत राहतात, तेव्हा दोन महिने हातात धरा. सोबत आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा असतो. त्याची परीक्षा पहिल्या वर्षातच देऊन टाका, पुढे वेळ मिळत नाही. विषय शक्यतो असा घ्या की ज्याचे पेशंट तुमच्या ओटीत रोज येतात. माझा विषय होता हाताच्या ऑपरेशनसाठी द्यायच्या ब्लॉकमध्ये (फक्त हात बधिर करणारं इंजेक्शन) बधिरतेच्या औषधासोबत डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध. देशातल्या निम्म्या पीजींचा विषय डेक्समेडेटोमिडीनच असतो असं आम्ही म्हणायचो, आणि ते चेष्टेत असलं तरी फार खोटं नसावं. संख्याशास्त्रज्ञ, छपाई, बांधणी मिळून पंधरा-वीस हजार गेले. थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी विद्यापीठाला द्यावा लागतो, वाङ्मयचौर्य तपासणीच्या प्रमाणपत्रासह. परिषदेतलं पोस्टर, पेपर यांचे नियम मधेच बदलतात. सीनियरच्या आठवणीवर न जाता त्या वर्षीचं परिपत्रक बघा.

आमच्या बॅचपासून तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणं सक्तीचं झालं, त्याला डीआरपी म्हणतात. जायच्या आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, मीसुद्धा. पण तिथे जे शिकले ते कॉलेजात शिकले नसते. कॉलेजात हाक मारली की सीनियर येतो. तिथे भुलीला मी आणि एक मॅडम, एवढंच. उपजिल्हा रुग्णालयांत तर कित्येक ठिकाणी बाहेरच्या खासगी भूलतज्ज्ञाला केसप्रमाणे बोलावतात, किंवा जीवरक्षक भुलीचं काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर सिझेरियन सांभाळतात. एका कुटुंब नियोजन शिबिरात दिवसभर उभी होते. शेवटच्या बाईची पाळी येईपर्यंत ती सकाळपासून उपाशी, तिच्या पदराला धरून दोन वर्षांचं पोर. भूलतज्ज्ञांची टंचाई हा शब्द मी आधी फक्त पेपरात वाचला होता.

फायनल परीक्षा २०२४-२५ च्या हिवाळ्यात झाली. शंभर-शंभर गुणांचे चार पेपर. मग प्रॅक्टिकल: एक मोठी केस, दोन छोट्या, आणि टेबलावर ईसीजी, एक्स-रे, रक्तातल्या वायूंचे रिपोर्ट, औषधं, उपकरणं. मला मोठी केस आली ती हृदयाची झडप आकसलेल्या बाईची, गर्भाशय काढायचं ऑपरेशन ठरलेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उत्तर पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि हिने औषध आज सकाळी घेतलंय का?" मी विचारलेलं होतं, म्हणून बरं. उपकरणांच्या टेबलावर सिलिंडरच्या जोडणीच्या पिनच्या जागांचे आकडे: ऑक्सिजन २-५, नायट्रस ३-५. हे विचारतातच. झोपेतही आलं पाहिजे. लेखीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे पन्नास टक्के लागतात, आणि नापास होणारे बहुतेक प्रॅक्टिकलमध्ये होतात. वाचून झालंय पण बोलायची सवय नाही, हेच कारण असतं. शेवटचे तीन महिने रोज एक केस कुणालातरी मोठ्याने सांगा. मी रूममेटला सांगायचे. ती त्वचारोगाची होती, तिला काही कळायचं नाही, त्यामुळे ती अगदी मुळातले प्रश्न विचारायची आणि परीक्षकही तेच विचारतात.

निकालानंतरची धावपळ: विद्यापीठाचं उत्तीर्ण प्रमाणपत्र, कॉलेजचं ना हरकत (ग्रंथालय, वसतिगृह, स्टोअर, प्रत्येकाची सही), मग मेडिकल कौन्सिलकडे अतिरिक्त अर्हतेचा ऑनलाइन अर्ज. ही नोंद झाल्याशिवाय नावापुढे एमडी लिहू नका. जुनं रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं असतं आणि नूतनीकरणाला ३० क्रेडिट पॉइंट लागतात. परिषदांची प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये टाकत गेलात तर ऐनवेळी शोधाशोध होत नाही. कागदावर एका जागी माझं नाव आईच्या नावासकट आणि दुसऱ्या जागी त्याशिवाय होतं, त्यात पुन्हा एक प्रतिज्ञापत्र गेलं.

पीजीनंतरचा बाँड आता सीनियर रेसिडेंट म्हणून चालू आहे. जागा गुणवत्तेनुसार ऑनलाइन पसंतीने मिळते. दोघं नवरा-बायको डॉक्टर असाल तर एकाच शहराची अपेक्षा ठेवू नका, मिळालं तर आनंद माना.

डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) की एमडी, असं विचारणाऱ्यांना: दोन्ही तीन वर्षांचे, दोन्ही मान्य. नावापेक्षा तिथे किती प्रकारच्या केसेस होतात आणि पीजीच्या हातात किती येतात हे तिथल्या सेकंड इयरला विचारा, विभागप्रमुखांना नको. दोन वर्षांचा डीए (ॲनेस्थेशियाचा डिप्लोमा) करावा का, तर कुठे जागा मिळत असेल आणि घरची गरज असेल तर करा. उत्तम काम करणारे कितीतरी डीए मी पाहिलेत. ओळख हवी असेल, पेशंटने दिवाळीला मिठाई आणावी असं वाटत असेल, तर मात्र ही ब्रँच घेऊ नका. पेशंट सर्जनचं नाव घेतो. बाकी लोकांना वाटतं तेवढं हे आरामाचं नाही आणि म्हणतात तेवढं कंटाळवाणंही नाही.

पुढे क्रिटिकल केअर करायचं मनात आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. तोवर बाँड संपला की तालुक्यांच्या नर्सिंग होममध्ये केसप्रमाणे जायचं ठरवलंय. त्यासाठी स्वतःची बॅग लागते: लॅरिंगोस्कोप सगळ्या मापांच्या ब्लेडसकट, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग, नळ्या, नळीला वाट दाखवणारी बुजी, सुया, तातडीची औषधं आणि हातात मावणारा पल्स ऑक्सिमीटर, कारण तिथला चालत असेलच असं नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या किमती बघून मी सध्या गप्प बसले आहे. कुणी निवृत्त होणारे सर किंवा मॅडम चांगल्या अवस्थेतला विकणार असतील तर मला आधी सांगा.